मानेतल्या अरुंद धमन्या आणि स्मरणशक्ती : एका जुन्या शंकेचा आढावा

मानेचा डॉप्लर झाला की हातात एक कागद येतो. ‘डाव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीत सत्तर टक्के अरुंदपणा’ असे काहीसे त्यावर लिहिलेले असते. रुग्ण सत्तरीतला, हिंडताफिरता. अर्धांगवायू कधी झालेला नाही. डॉक्टर पक्षाघाताच्या धोक्याविषयी बोलतात, गोळ्या लिहून देतात. उठता उठता मुलगी विचारते, ‘‘बाबा हल्ली फार विसरतात हो. गॅस चालू राहतो, परवा बँकेत सही कुठे करायची तेच सुचेना. ते याच्यामुळे असेल का?’’

या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. अरुंद धमनी आणि मंदावलेली बुद्धी एकत्र आढळतात का? आढळत असतील, तर धमनीच त्याचे कारण आहे का? आणि कारण असेल, तर धमनी मोकळी करून गेलेले परत मिळते का? पहिल्याचे उत्तर आज बऱ्यापैकी ठामपणे देता येते. दुसऱ्यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. तिसऱ्यावर आशा पुष्कळ आहे, पुरावा थोडा. या तिन्हींची सरमिसळ झाली की रुग्णाचे नुकसान होते, म्हणून ते येथे एकामागून एक घेतले आहेत.

शंका कुठून आली

गळ्याच्या बाजूला बोट टेकवले की जो ठोका लागतो तो कॅरोटिडचा. स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या आसपास तिला फाटा फुटतो : एक शाखा चेहऱ्याकडे जाते, दुसरी थेट मेंदूत. या फाट्यापाशी बाहेरच्या कडेने रक्ताची गती मंदावते आणि नेमका तिथेच मेदाचा थर धरतो. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो एकूण वापराच्या वीस टक्के घेतो आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. म्हणूनच ही वाट अरुंद झाली तर विचारशक्तीवर परिणाम होत असणार, हे कोणालाही पटते.

पण शरीराने यावर तोडही काढून ठेवली आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते; एका बाजूचा पुरवठा तुटला तर दुसरी बाजू आणि मागच्या धमन्या त्यातून रक्त पोहोचवतात. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली या कड्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. पोटाच्या विकाराने वारलेल्या एका माणसाची उजवी कॅरोटिड दगडासारखी घट्ट होऊन जवळजवळ बंद पडलेली विलिस यांना आढळली होती. हयातीत त्या माणसाला मेंदूचा कोणताही त्रास जाणवला नव्हता. आज चाललेल्या वादाच्या दोन्ही बाजू या एका नोंदीत आहेत : धमनी बंद पडू शकते, आणि तरी माणूस ठणठणीत राहू शकतो.

पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत शोधली आणि जिवंत माणसाच्या मानेतली धमनी दिसू लागली. पुढे १९५१ मध्ये कॅनडातील मिलर फिशर यांनी दोन गोष्टी मांडल्या. मानेतली बंद पडलेली कॅरोटिड हे पक्षाघाताचे मोठे कारण आहे, ही पहिली. दुसरी तितकी गाजली नाही : म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशामागेही कधी कधी हेच कारण असू शकेल, अशी शंका त्यांनी त्याच वर्षी एका स्वतंत्र लेखात व्यक्त केली.

पहिल्या मुद्द्याने शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी अरुंद भाग काढून धमनी जोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मग धमनी उघडून आतला थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे एन्डार्टरेक्टमी, जगभर रुळली. १९९१ मध्ये आलेल्या ‘नॅसेट’ चाचणीने लक्षणे दिसलेल्या आणि सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंदपणा असलेल्या रुग्णांत तिची उपयुक्तता सिद्ध केली : दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण केवळ औषधांवर २६ टक्के, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के. लक्षणे नसलेल्यांसाठीची ‘अकास’ चाचणी १९९५ मध्ये आली. तिथे पाच वर्षांतला धोका ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

या मोठ्या चाचण्यांनी पक्षाघात मोजले, मृत्यू मोजले. रुग्ण विचार कसा करतो, त्याला किती आठवते, हे मुख्य मोजमापात कुठेच नव्हते. फिशर यांची दुसरी शंका जवळपास अर्धे शतक बाजूला पडून राहिली, ती अशी.

निरीक्षणे काय सांगतात

२००४ हे या विषयातले वळणाचे वर्ष. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील पाहणीत कॅरोटिड अरुंद असलेल्या १८९ आणि नसलेल्या २०१ जणांची तुलना झाली. पक्षाघात कोणालाच झालेला नव्हता. अवधान, हालचालींचा वेग आणि स्मरण यांच्या चाचण्यांत अरुंद धमनीवाले मागे पडले. एमआरआयवर दिसणाऱ्या मुक्या, म्हणजे लक्षणे न देणाऱ्या, जखमांनी या फरकाचा उलगडा होईना.

त्याच वर्षी अमेरिकेतील ‘कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी’चा निष्कर्ष आला. माझ्या मते या संपूर्ण साहित्यातली सर्वांत चतुर मांडणी तीच आहे. नेहमीचा आक्षेप असा असतो : ज्याची कॅरोटिड अरुंद, त्याला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, तंबाखूची सवय असते. बुद्धी मंदावली ती यांच्यामुळे. धमनी नुसती साक्षीदार आहे. संशोधकांनी उजव्या हाताने काम करणारे चार हजारांवर वृद्ध घेतले आणि डाव्या-उजव्या बाजू वेगळ्या केल्या. वापरलेली चाचणी मुख्यतः भाषेवर आधारलेली, म्हणजे डाव्या मेंदूची होती. रक्तदाब आणि साखर दोन्ही बाजूंना सारख्याच पोचतात. तेव्हा दोष फक्त त्यांचा असता, तर डावी अरुंद काय आणि उजवी अरुंद काय, गुण सारखेच घसरायला हवे होते. प्रत्यक्षात डाव्या धमनीतल्या तीव्र अरुंदपणाचा घसरणीशी संबंध दिसला आणि उजव्या बाजूचा हिशेब वजा केल्यावरही तो टिकला. उणीव एकच : डावी धमनी तीव्र अरुंद असलेले लोक इतक्या मोठ्या समूहात मोजकेच होते. एवढ्याशा गटावर फार मोठे अनुमान उभारता येत नाही.

पुढे अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या ब्रजेश लाल यांच्या गटाने २०१७ मध्ये लक्षणे नसलेल्या ८२ रुग्णांची ६२ जणांशी तुलना केली. शिकणे, स्मरण आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग यांत रुग्ण कमी पडले. ‘क्रेस्ट-२’ या मोठ्या चाचणीत दाखल झालेल्यांचीही उपचारांआधी परीक्षा झाली. पक्षाघात न झालेल्या त्यांच्यासारख्या इतर लोकांच्या मानाने ते मागे होते आणि सर्वांत जास्त तूट स्मरणात होती.

‘लक्षणे नसलेला’ असा शिक्का मारून ज्यांना घरी पाठवले जाते, त्यांतल्या अनेकांच्या मेंदूचे काम तपासले तर उणे निघते. एवढे आता मान्य करायला हरकत नाही.

घडते कसे : तीन मते

पहिले मत प्रवाहाचे. वाट अरुंद झाली की मेंदूतल्या लहान रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पुरवठा टिकवून धरतात. रुंदावण्याची ही ताकद संपली की मेंदू मिळेल त्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतो. तीही मर्यादा आली की पेशी उपाशी राहू लागतात. ही शिल्लक ताकद मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. रुग्णाला पाठीवर निजवतात, कानशिलापाशी डॉप्लरची कांडी धरतात आणि तीसेक सेकंद श्वास रोखायला सांगतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो. निरोगी मेंदूत वाहिन्या लगेच पसरतात आणि पडद्यावरचा वेगाचा आलेख उंचावतो. ज्याची ताकद आधीच खर्ची पडली आहे, त्याचा आलेख जागचा हलत नाही. इटलीतील संशोधकांनी २०१३ मध्ये एका बाजूची कॅरोटिड तीव्र अरुंद असलेल्या २१० जणांचा तीन वर्षे मागोवा घेतला. ज्यांची श्वास-चाचणी बिघडलेली होती, त्यांची बुद्धी जास्त घसरली. अरुंदपणा तेवढाच, पण शिल्लक चांगली, अशांची घसरण कमी होती. प्राण्यांमधला पुरावाही या बाजूने आहे. जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या दोन्ही कॅरोटिडभोवती बारीक तारेची वेटोळी बसवून प्रवाह कमी केला, तेव्हा मेंदूतला पांढरा भाग खराब झाला आणि कामापुरते लक्षात ठेवण्याची क्षमता उणावली.

दुसरे मत कणांचे. धमनीतला थर स्वस्थ बसत नाही. त्यातून बारीक गुठळ्या आणि मेदाचे कण सुटत राहतात. एकेका कणाने हात लुळा पडत नाही, पण वर्षानुवर्षे ठिकठिकाणी सूक्ष्म इजा होत राहते. हे मानणाऱ्यांच्या दृष्टीने अरुंदपणाच्या टक्क्यांपेक्षा थर मऊ आहे की कठीण, त्यात रक्तस्राव झाला आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

तिसरे मत सावध लोकांचे. मानेतली धमनी ज्या कारणांनी अरुंद होते, त्याच कारणांनी मेंदूच्या आतल्या केसाइतक्या वाहिन्याही खराब होतात. शिवाय वयोमानाने येणारा अल्झायमर त्याच माणसात शेजारी उभा असतोच. डाव्या-उजव्याची मांडणी या मताला छेद देते, पण तो निर्णायक नाही.

ही मते एकमेकांना खोडून काढतात असे मला वाटत नाही. एकाच रुग्णात तिन्ही यंत्रणा चालू असू शकतात. खरा पेच आहे तो समोरच्या रुग्णात कोणती किती हे ठरवण्याचा. उपचार त्यावरच अवलंबून आहेत. प्रवाह कमी असेल तर वाट मोकळी करण्यात अर्थ आहे. कण सुटत असतील तर थर शांत करणारी औषधेही पुरतील. लहान वाहिन्याच खराब असतील, तर मानेत कितीही काम केले तरी हाती काही लागणार नाही.

धमनी मोकळी केल्यावर

एन्डार्टरेक्टमीनंतर ‘आई एकदम तरतरीत झाली’ असे सांगणारी कुटुंबे आहेत आणि तसे दाखवणारे लहान अभ्यासही आहेत. पण इथे एक साधी अडचण आहे. स्मरणाच्या नेहमीच्या चाचणीत पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवतात आणि अर्ध्या तासाने विचारतात. तीच चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा दिली की निरोगी माणसाचेही गुण वाढतात, कारण परीक्षेची सवय झालेली असते. तुलनेला शस्त्रक्रिया न झालेला गट नसेल, तर ही वाढ धमनीच्या नावावर जमा होते. जुन्या अभ्यासांतल्या बऱ्याच सुधारणा या कसोटीवर डळमळतात.

उपाय स्वतःही इजा करू शकतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी साधारण चौथा हिस्सा रुग्णांत बौद्धिक मांद्य आढळले. ते बहुतेकांत ओसरते. जपानमधील ओगासावारा यांच्या गटाने दाखवले की दीर्घकाळ उपाशी असलेल्या मेंदूत अचानक रक्ताचा लोंढा आला तर बुद्धी उलट बिघडू शकते. स्टेंट, म्हणजे धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालताना तार थरातून पुढे सरकते आणि कण सुटतात : ‘आयसीएसएस’ चाचणीच्या एमआरआय उपअभ्यासात (२०१०) स्टेंटनंतर निम्म्या रुग्णांत मेंदूत नव्या सूक्ष्म जखमा दिसल्या, एन्डार्टरेक्टमीनंतर १७ टक्क्यांत. गंमत अशी की, त्याच चाचणीत दोन्ही गटांच्या बौद्धिक गुणांत ठळक फरक पडला नाही. या सूक्ष्म जखमांचे दूरगामी मोल काय, हे अजून ठरायचे आहे.

प्रवाहाच्या मताची सर्वांत कडक परीक्षा ‘कॉस’ चाचणीत झाली. कॅरोटिड पूर्ण बंद आणि मेंदू जास्तीचा प्राणवायू ओढतो आहे, असेच रुग्ण त्यात निवडले होते. कवटीबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडून नवा मार्ग काढला. दोन वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण शस्त्रक्रियेने २१ टक्के आणि औषधांनी २२.७ टक्के; लाभाची आशा न उरल्याने २०१० मध्येच चाचणी थांबवली गेली होती. तिच्याच जोडीने चाललेल्या ‘रिकॉन’ अभ्यासात बुद्धीलाही लाभ दिसला नाही. मात्र शेवटपर्यंत टिकलेले रुग्ण इतके थोडे होते की त्यावरून प्रवाहाचे मत मोडीत निघाले असे म्हणणे घाईचे ठरेल.

दीर्घ मुदतीचा पुरावा ‘एसीएसटी-१’ या चाचणीकडून आला. लक्षणे नसलेल्यांना लगेच शस्त्रक्रिया की थांबून, अशी चिठ्ठी टाकून निवड झाली होती. ब्रिटन आणि स्वीडनमधील सुमारे १,६०० जणांचा पुढे दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. शस्त्रक्रियेने स्मृतिभ्रंश टळत नाही असा याचा एक अर्थ. दुसरा अर्थ, ज्यांच्या मेंदूची शिल्लक संपली होती असे थोडेच त्यात असतील, आणि त्यांचा लाभ बाकीच्यांच्या गर्दीत बुडाला असेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘क्रेस्ट-२’चे पक्षाघाताबाबतचे निकाल प्रसिद्ध झाले. चार वर्षांत केवळ कसून औषधोपचार घेणाऱ्यांत ६ टक्के आणि स्टेंट घातलेल्यांत २.८ टक्के घटना घडल्या. एन्डार्टरेक्टमीच्या बाजूला हेच आकडे ५.३ आणि ३.७ होते आणि तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. धमनी मोकळी केल्याने बुद्धीला काय मिळते, हे पाहण्यासाठी याच चाचणीला ‘क्रेस्ट-एच’ हा उपअभ्यास जोडलेला आहे. ज्यांच्या मेंदूत प्रवाह खरोखर कमी आहे असे रुग्ण एमआरआयने वेगळे काढायचे आणि त्यांच्या गुणांत काय बदल होतो ते बघायचे, अशी त्याची आखणी. प्रश्न नेमका असाच विचारायला हवा होता.

औषधांची बाजू

इथे वाद कमी आहे. २०१९ मध्ये आलेल्या ‘स्प्रिंट माइंड’ या चाचणीने दाखवले की वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवल्यास सौम्य बौद्धिक घसरण कमी होते, स्मृतिभ्रंशावरचा परिणाम मात्र निर्णायक ठरला नाही. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि वाईट कोलेस्टेरॉल आहेत. कॅरोटिडचा अरुंदपणा स्वतंत्र कारण म्हणून नाही. सावधगिरी एकाच बाबतीत : दोन्ही कॅरोटिड सत्तर टक्क्यांवर अरुंद असतील, तर रक्तदाब फार खाली नेल्याने पक्षाघाताचा धोका वाढू शकतो, हे पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले होते. अशा रुग्णाने शेजाऱ्याच्या गोळ्या पाहून स्वतःच्या वाढवू नयेत.

मोजमापाचे पेच आणि आपले प्रश्न

अरुंदपणाची टक्केवारी वाटते तितकी पक्की नसते. अमेरिकी पद्धतीने पन्नास टक्के भरणारा अरुंदपणा युरोपच्या जुन्या पद्धतीने सत्तरच्या घरात जातो. डॉप्लर तर टक्के थेट मोजतच नाही. रक्ताचा वेग सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सत्तर टक्के, असा तो अंदाज असतो. दोन केंद्रांतले आकडे जुळत नाहीत, त्याचे कारण बरेचदा हेच.

बुद्धीच्या मोजमापाचे दुखणे याहून खोल आहे. आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडत जाण्याची एक प्रसिद्ध चाचणी आहे : एक, ए, दोन, बी. दुसरीत शाळा सुटलेल्या आजीला ती मराठीत एक, क, दोन, ख अशी दिली, तर मंदावलेला मेंदू मोजला जातो की सुटलेली शाळा? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशी भाषांसाठी चाचण्यांचा संच केला, पण ज्या पाच भाषांत तो आधी पडताळला गेला त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम; मराठी त्यांत नव्हती. साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी किती जणांच्या मानेतल्या धमन्या अरुंद आहेत, हे आधी मोजावे लागेल.

आणखी एक फरक विसरता येत नाही. आशियाई लोकांत, भारतीयांतही, कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे. वर सांगितलेला जवळजवळ सारा पुरावा युरोप-अमेरिकेतल्या मानेचा आहे. आपल्याकडे मानेचा डॉप्लर स्वच्छ आला तरी अडथळा वर असू शकतो.

तेव्हा आजच्या घडीला

केवळ विसराळूपणासाठी कॅरोटिडची शस्त्रक्रिया किंवा स्टेंट करावा, इतका पुरावा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पक्षाघाताच्या धोक्यासाठी ती करायची की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि तो त्याच निकषांवर घ्यावा. लक्षणे नसलेल्या सर्वांचा सरसकट डॉप्लर करू नये, अशी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाची शिफारस २०२१ मध्येही कायम राहिली. ‘संपूर्ण तपासणी’च्या पॅकेजमध्ये तो घालणाऱ्यांनी ती वाचावी. उलट ज्याचा अरुंदपणा सापडलाच आहे, त्याची बौद्धिक चाचणी एकदा तरी व्हावी आणि वर्षाने पुन्हा व्हावी. आज ती क्वचितच होते.

त्या मुलीला द्यायचे उत्तर असे : असू शकते, पण आधी बी-१२, थायरॉइड, झोप, ऐकू येणे आणि मनाची उदासी तपासून घ्या, कारण ही कारणे सापडली तर इलाज हाताशी आहे. तंबाखू आजच बंद करा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आणि कधी अचानक तोंड वाकडे झाले, शब्द अडखळले, हातातला पेला निसटला किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला, तर पाच मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी घरी थांबू नका, थेट रुग्णालयात जा. पक्षाघाताचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो.